शून्य त्रुटींचा अहवाल

मौखिक स्मृती संरक्षण महासंचालनालयाच्या तळघरात दोनशे बारा ध्वनिफिती उत्तम स्थितीत होत्या, आणि त्या उत्तम स्थितीचे प्रमाण एवढेच, की एकोणीसशे त्रेसष्टनंतर त्या कोणी वाजवल्याच नव्हत्या. धरणाचे पाणी चढू लागण्यापूर्वी दोन संशोधक नुबियातल्या गावोगावी फिरले होते. म्हाताऱ्यांपुढे यंत्र ठेवून त्यांनी विहिरी, रहाट, थडगी आणि जुनी भांडणे यांची नावे बोलून घेतली. मग गावे पाण्याखाली गेली आणि फिती कैरोला आल्या. शासनाच्या लेखी या व्यवहारात काहीही गमावले गेले नव्हते.

साठ वर्षांनी फितींतला आवाज संगणकावर उतरवण्यात आला. आवाज उतरताच मूळ फिती ‘दुबार प्रती’ ठरल्या, आणि दुबार प्रत बाळगणे हा जडसंग्रहाच्या नियमांनुसार अपव्यय असल्याने त्यांचे रीतसर निर्लेखन होऊन त्या भंगाराच्या लिलावात गेल्या. घेणाऱ्याने लोखंडी चकत्या वितळवल्या. फीत कल्यूबियातल्या पेरूच्या बागांवर पाखरे हाकण्यासाठी ताणण्यात आली. तिथे ती वाऱ्यावर फडफडत असे, आणि जाणकारांच्या मते पाखरे खरोखरच घाबरत.

आता दोनशे बारा फाइली उरल्या होत्या, आणि त्या कशात ठेवाव्यात हा प्रश्न उरला होता.

डिस्क ही वस्तू कागदासारखीच कुजते. फरक एवढाच, की कागद कुजला की वास येतो. लिनक्स या संगणकप्रणालीच्या यंत्रावर फाइली मांडून ठेवण्याच्या ज्या नाना व्यवस्था आहेत, त्यांतली कोणती अधिक भरवशाची याची तौलनिक चाचणी घेऊन अहवाल सादर करावा, असा आदेश निघाला. ‘तुलना पूर्ण होईपर्यंत कोणत्याही ध्वनिमुद्रणाची प्रत कोणासही देण्यात येऊ नये’ असे आदेशाच्या शेवटच्या ओळीत म्हटले होते. पहिल्या ओळी वाचणारे इमारतीत कोणी नव्हते. शेवटची ओळ मात्र सर्वांना तोंडपाठ झाली.

तुलनेचे काम इंजिनिअर नब्रा सालेह यांच्याकडे आले. त्या स्वतः नुबियातल्या, म्हणजे नुबियातून उठवून कोम ओंबोजवळच्या नव्या वसाहतीत बसवलेल्या घरातल्या. क्रमांक अठ्ठ्याऐंशीच्या फितीत त्यांचे आजोबा खलील कुब्बारा नदीकाठच्या एकतीस रहाटांची नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे सांगतात. त्यांची आई नफीसा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि भिंतीपलीकडे दूध तापवत होती. नफीसाबाईंचा डावा कान आता गेला होता, आणि उजवा आणखी वर्षभर साथ देईल असे डॉक्टरांचे म्हणणे होते. दर शुक्रवारी त्या फोनवर लेकीला एकच गोष्ट सांगत.

“मधेच बाबा रहाट मोजायचे थांबतात आणि मला हाक मारतात. मी ‘आले’ म्हणते. तेवढं ऐकव, बाई. बाकीच्या रहाटांचं मी काय करू?”

नब्राबाईंनी प्रतीसाठी अर्ज केला. तो शेवटच्या ओळीवर परत आला. खिशातल्या पट्टीवर फाइल उतरवून नेण्याचा मार्गही नव्हता. संगणकखोलीतल्या प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक छिद्रात दोरा घालून त्यावर तांबड्या लाखेची मोहर मारलेली होती, आणि मोहर फोडणे हा फौजदारी गुन्हा होता. तेव्हा तुलना लवकर संपवणे एवढेच त्यांच्या हाती उरले.

त्यांनी चार यंत्रे मांडली, चारही यंत्रांत एकाच खेपेच्या जुन्या डिस्का जोडी-जोडीने बसवल्या, आणि दोनशे बारा फाइली चार व्यवस्थांच्या स्वाधीन केल्या. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या दोन व्यवस्था संशयी स्वभावाच्या होत्या. फाइलीच्या प्रत्येक तुकड्याचा एक पडताळा-अंक काढून त्या तो वेगळा जपत. तुकडा वाचताना अंक पुन्हा काढत. जुळला नाही तर तुकडा सडला असे स्पष्ट सांगत, आणि जोडीच्या डिस्कवर धड तुकडा असेल तर तो आणून दुरुस्ती करत. एक्सएफएस आणि ईएक्सटी-फोर या दोन जुन्या, वेगवान आणि सोशिक. आपली वही त्या चोख ठेवत. परंतु वहीत नोंदलेल्या मालाला कीड लागली आहे का हे पाहणे त्या आपले काम समजत नसत. अशाच स्वभावाच्या माणसांनी महासंचालनालयाचे तीन मजले भरलेले असल्याने या दोन व्यवस्थांविषयी कार्यालयात आधीपासूनच आपुलकी होती.

सहा महिने उन्हाळा तापला आणि वीज जात-येत राहिली. त्यानंतर नब्राबाईंनी तक्ता सादर केला. झेडएफएसने एक्केचाळीस ठिकाणी बिघाड पकडला आणि एक्केचाळीस ठिकाणी दुरुस्त केला. बीटीआरएफएसने एकोणचाळीस पकडले, एकोणचाळीस दुरुस्त केले. उरलेल्या दोघींनी काही पकडले नाही, म्हणून काही दुरुस्तही केले नाही. चौथ्या रकान्यात नब्राबाईंनी प्रत्येक फाइल स्वतः मूळ अंकांशी ताडून पाहिल्याचा निकाल होता. पहिल्या दोघींकडे एकही फाइल बिघडलेली नव्हती; एक्सएफएसकडे तेहतीस आणि ईएक्सटी-फोरकडे छत्तीस फाइली सडल्या होत्या.

समितीत तिघे होते. महासंचालक बहगत शिन्नावी, ज्यांना सगळे पाशा म्हणत. कायदेविषयक सल्लागार इस्मत ताहून, ज्यांनी आयुष्यात एकही वाक्य क्रियापदापर्यंत न तपासता सोडले नव्हते. आणि भांडारपाल वगदी बिशारा, ज्यांच्या जिम्म्यात ही ध्वनिमुद्रणे होती आणि जे येत्या एप्रिलात निवृत्त होणार होते. भांडारपालाला निवृत्त होताना आपल्या जिम्म्यातली प्रत्येक वस्तू मोजून दाखवावी लागते. एक वस्तू जरी बिघडलेली निघाली, तरी त्याला ‘बिनबाकी’चा दाखला मिळत नाही, आणि दाखला मिळाला नाही तर तो निवृत्तही होत नाही आणि नोकरीतही राहत नाही. वगदींचे पूर्वाधिकारी याच अवस्थेत अकरा वर्षे जगले होते. जिम्म्यातला एक टंकलेखनाचा खिळा सापडत नव्हता.

इस्मत ताहून यांनी प्रथम चौथा रकाना खोडला. फाइली ज्याच्या जिम्म्यात नाहीत त्याने त्या तपासणे हा अनधिकृत स्पर्श ठरतो, असे त्यांनी सौम्यपणे दाखवून दिले. मग पाशांनी उरलेल्या तीन रकान्यांवरून बोट फिरवले.

“यातली चांगली कुठली?”

“झेडएफएस, पाशा.”

“जिच्यात एक्केचाळीस बिघाड निघाले ती?”

“बिघाड डिस्कचे होते. तिनं ते पकडले.”

“आणि जिच्यात एकही निघाला नाही, ती वाईट?”

“तिनं पाहिलंच नाही, पाशा.”

वगदी बिशारा यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “इंजिनिअरबाई, छत्तीस वर्षांत माझ्या भांडारात एक उंदीर निघाला नाही. का ते सांगू? मी पिंजरा लावला नाही. पिंजरा लावला की उंदीर निघतो. मग तो कोणाचा, कुठून आला, किती दिवस होता, त्यानं काय खाल्लं... तुम्हाला कोणी सांगितलं होतं पिंजरा लावायला?”

हे विनोदाने म्हटलेले नव्हते, आणि कोणी हसलेही नाही.

नियम चौऱ्याहत्तरकडे लक्ष वेधण्यात आले. ‘जिम्म्यातील वस्तूस झालेली हानी जो कर्मचारी प्रथम उघडकीस आणील, त्याचा समाधानकारक खुलासा होईपर्यंत ती हानी त्याच्याच जिम्म्यात समजण्यात येईल.’ या नियमामागचा विचार प्राचीन आणि भक्कम आहे. चोरी झाल्याचे पहिल्यांदा ज्याला कळते तो चोराच्या सर्वांत जवळ असतो, हे तर्कशास्त्र इमारतीच्या पायातच घातलेले होते, आणि त्याचा लाभही दिसत होता. नियम लागू झाल्यापासून महासंचालनालयात एकही हानी उघडकीस आली नव्हती.

त्यानुसार एक्केचाळीस हानी झेडएफएसच्या आणि एकोणचाळीस बीटीआरएफएसच्या नावे लागल्या. परंतु इस्मत ताहून यांचे समाधान तेवढ्यावर होईना. त्यांना तिसरा रकाना खुपत होता.

“ही ऐंशी ठिकाणी दुरुस्ती झाली म्हणता. कोणाच्या हुकमानं?”

“हुकूम लागत नाही, सर. ती आपोआप करते.”

“आपोआप म्हणजे कोण? नाव सांगा, श्रेणी सांगा.”

नब्राबाईंना श्रेणी सांगता आली नाही. तेव्हा सरकारी दस्तऐवजात ऐंशी ठिकाणी, विना आदेश, अज्ञात श्रेणीच्या घटकाकडून फेरफार झाल्याची नोंद घेण्यात आली आणि दोन्ही व्यवस्थांना खुलाशासाठी हजर राहण्याची पत्रे निघाली. तीन तारखा पडल्या. तिन्ही तारखांना त्या गैरहजर होत्या. तिसऱ्या तारखेला शिपायाने दारात उभे राहून दोघींच्या नावाचा तीन वेळा पुकारा केला, आणि कोणी आले नाही असे लिहून सही केली.

त्यांच्या पूर्वेतिहासाची चौकशी झाली. झेडएफएस ही परवान्याच्या अडचणीमुळे लिनक्सच्या मूळ गाभ्यात समाविष्ट नसून बाहेरून जोडावी लागते, असे नब्राबाईंनीच परिशिष्टात प्रामाणिकपणे लिहिले होते. त्यावरून ती कायम आस्थापनेवरची नाही, रोजंदारीवरची आहे, असे ठरले. रोजंदारीवरच्याला सरकारी दस्तऐवजाला हात लावू देणाऱ्याचीही चौकशी व्हावी असा शेरा पडला. बीटीआरएफएस गाभ्यातली होती, म्हणजे कायम होती. परंतु डिस्कांच्या एका विशिष्ट मांडणीत आपल्यावर विसंबू नये, असे तिच्या कर्त्यांनीच तिच्या माहितीपत्रकात लिहून ठेवले होते. इस्मत ताहून यांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि ‘कबुलीजबाब’ असा मथळा देऊन फाइलीला जोडले.

उरल्या दोघी. एक्सएफएसविषयी कोणाचेच मत वाईट नव्हते. परंतु एकदा मांडलेली एक्सएफएस मोठी करता येते, लहान करता येत नाही, हे परिशिष्टातच होते. आणि त्याच आठवड्यात काटकसरीचे परिपत्रक आले होते, की आदेश येताच प्रत्येक विभागाने आपला आकार दहा टक्क्यांनी घटवण्यास सिद्ध असावे. एक्सएफएस परिपत्रकाच्या आज्ञेत राहू शकत नव्हती. ईएक्सटी-फोर घटू शकत होती, गैरहजर राहिलेली नव्हती, तिने कबुली दिलेली नव्हती, दस्तऐवजाला हात लावलेला नव्हता, आणि तिच्या नावावर शून्य त्रुटी होत्या. निवड एकमताने झाली.

येथे ही गोष्ट संपली असती तर ती केवळ मूर्खपणाची गोष्ट ठरली असती, आणि मूर्खपणाला निदान निरागसतेची सबब असते. परंतु वगदी बिशारा यांनी मोजदाद केली होती. वहीत दोनशे बारा ध्वनिमुद्रणे होती. चार यंत्रे, प्रत्येकात डिस्कांची जोडी, मिळून प्रत्यक्षात एक हजार सहाशे शहाण्णव भरत होती.

“कमी भरलं तर चोरी म्हणतात,” त्यांनी समितीपुढे हात जोडले, “आणि जास्त भरलं तर म्हणतात, पुढच्या चोरीची तयारी केली. पाशा, मला एप्रिलात घरी जायचंय हो. हे जास्तीचं कोणीतरी माझ्यासमोर नष्ट करा.”

एक हजार चारशे चौऱ्याऐंशी प्रती नष्ट करायच्या होत्या. कोणत्या ठेवाव्यात याचा निकष इस्मत ताहून यांनी एका वाक्यात दिला, आणि ते वाक्य क्रियापदापर्यंत निर्दोष होते: ज्या प्रतींमध्ये फेरफार झाल्याचे सिद्ध आहे त्या मूळ नव्हेत, आणि ज्यांत कोणताही फेरफार झाल्याची नोंद नाही त्याच मूळ होत.

नब्राबाईंनी लेखी विनंती केली, की नष्ट करण्यापूर्वी झेडएफएसकडची निदान अठ्ठ्याऐंशी क्रमांकाची फाइल ईएक्सटी-फोरकडच्या फाइलीच्या जागी ठेवावी, कारण या दुसरीतला मधला भाग वीज गेली तेव्हा पुसला गेला आहे. उत्तर त्याच दिवशी आले. एवढ्या तत्परतेने आलेले ते त्या वर्षातले एकमेव उत्तर होते. यंत्राने केलेला फेरफार अज्ञानाचा तरी मानता येतो. कर्मचाऱ्याने सुचवलेला फेरफार पूर्वनियोजित ठरेल.

प्रती नष्ट झाल्या त्या सकाळी नब्राबाई शेजारच्या इमारतीत रोजंदारीवरच्या घटकास प्रवेश दिल्याबद्दल खुलासा देत बसल्या होत्या. परत आल्या तेव्हा पंचनाम्यावर तीन सह्या होत्या, सहा डिस्कांना आरपार भोके पाडलेली होती, आणि ईएक्सटी-फोरच्या जोडीतल्या दुसऱ्या डिस्कलाही. कारण एकाच वस्तूच्या दोन मूळ प्रती असू शकत नाहीत.

त्यांनी मग ते केले जे शहाणी माणसे करत नाहीत. अठ्ठ्याऐंशी क्रमांकाची फाइल बिघडलेली असल्याचे त्यांनी आवक-बारनिशीत सहीनिशी कळवले. समितीने खातरजमेसाठी ती वाजवून पाहिली. एका म्हाताऱ्याचा खडबडीत आवाज आला. त्याने गावाचे नाव सांगितले, नुबियाच्या बोलीत आठ रहाट मोजले, आणि मग काहीच ऐकू येईना. समिती वाट पाहत राहिली.

“बंद पडलं का?” पाशांनी विचारले.

“चालू आहे, पाशा,” नब्राबाई म्हणाल्या. “इथं चौदा मिनिटं पुसली गेलीत.”

“तो श्वास घेत असेल,” इस्मत ताहून म्हणाले.

“चौदा मिनिटं, सर?”

“तुमच्याकडची माणसं सावकाश बोलतात, बाई. नाराज होऊ नका, मी कौतुकानं म्हणतोय.”

चौदा मिनिटांनी म्हाताऱ्याने शेवटचे दोन रहाट मोजले आणि अल्लाचे आभार मानले. आरंभ आहे, शेवट आहे, लांबी वहीत नोंदल्याइतकीच आहे. शांतता हा ध्वनिमुद्रणाचा अंगभूत भाग नाही असे कोणत्या नियमात म्हटले आहे, ते तक्रारदाराने दाखवून द्यावे, असा शेरा झाला. तरीही तक्रार मागे घेतलेली नसल्याने नियम चौऱ्याहत्तर लागू झाला. दोनशे बारा ध्वनिमुद्रणांचा जिम्मा नब्रा सालेह यांच्या नावे चढला. वगदी बिशारा यांनी त्या दिवशी घरून बसबूसा नावाची रव्याची मिठाई आणली, पहिला तुकडा नब्राबाईंना दिला, आणि डोळे पुसत म्हणाले, “लेकीसारखी धावून आलीस गं. देव तुला असाच कोणीतरी पाठवो.”

प्रतीसाठीचा जुना अर्ज आता तुलना संपल्यामुळे पुन्हा वर आला, आणि जिम्मेदाराने स्वतःच्या जिम्म्यातील वस्तूची प्रत स्वतःच्याच नातेवाइकास देणे हितसंबंधाचे ठरते म्हणून पुन्हा खाली गेला.

शुक्रवारी नफीसाबाईंनी फोनवर तीन वेळा “काय म्हणालीस?” असे विचारले. पूर्वी त्या एकदाच विचारत.

शनिवारी नब्राबाई इस्मत ताहून यांच्या खोलीत गेल्या. सल्लागारांना उपाय ठाऊक होता; त्यांनी तो आधीच टंकलेखित करून ठेवला होता. निवेदनात एवढेच होते, की दोनशे बारा फाइली सुस्थितीत आहेत, पूर्वीची तक्रार गैरसमजातून झाली, आणि निवड झालेल्या व्यवस्थेत शून्य त्रुटी आहेत. हानी नाही म्हणजे हानी उघडकीस आणणारा नाही. उघडकीस आणणारा नाही म्हणजे जिम्मा वगदींकडे परत. आणि सर्व सुस्थितीत म्हणजे वगदी मोकळे. प्रतही लगेच मिळेल.

“मी अभियंता आहे, सर. हे खोटं आहे.”

“मला तुमचं खरं-खोटं नको आहे. तुमची आई मला माझ्या आईसारखी आहे. सही करायची की नाही, हे तुम्ही तिला विचारून या.”

नब्राबाईंनी विचारले नाही. सही केली.

पुढचे सगळे सुरळीत झाले, आणि सुरळीतपणाचे वर्णन करण्यासाठी साहित्याकडे पुरेशी साधने नाहीत. वगदी बिशारा यांना बिनबाकीचा दाखला मिळाला. ‘शून्य त्रुटींचा अहवाल’ इतर सात विभागांनी मागवून घेतला, आणि त्यांच्याकडच्या संशयी व्यवस्था काढून टाकल्यावर तिथलेही बिघाड तत्काळ थांबले. फाइल क्रमांक अठ्ठ्याऐंशीची प्रत एका तबकडीवर निघाली, तिच्या पाकिटावर गरुडाची मोहर उमटली, आणि खाली ‘मुळाबरहुकूम’ असे लिहिले गेले. ते अक्षरशः खरे होते.

नब्राबाई गाडीने रात्रभर प्रवास करून सकाळी वसाहतीत पोचल्या. नफीसाबाई निळ्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी उजवा कान यंत्राला टेकवला. बापाने गावाचे नाव घेतले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. आठ रहाट झाले. मग शांतता सुरू झाली आणि त्या तशाच कान टेकवून बसून राहिल्या. चौदाही मिनिटे त्यांनी हात उंचावून ठेवला होता, म्हणजे लेकीने मध्ये बोलू नये. शेवटचे दोन रहाट मोजून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, मान वर केली, आणि नब्राबाईंना जे म्हणाल्या ते शब्दशः असे:

 

 

 

वरील मजकूर मान्यताप्राप्त व्यवस्थेवर जतन करण्यात आला असून त्यात कोणतीही त्रुटी आढळल्याची नोंद नाही. वर काही वाक्ये असायला हवी होती व ती नाहीत, असे एखाद्या वाचकाच्या निदर्शनास आल्यास त्याने तसे सहीनिशी कळवावे. नियम चौऱ्याहत्तरनुसार, समाधानकारक खुलासा होईपर्यंत ती वाक्ये त्याच वाचकाच्या जिम्म्यात समजण्यात येतील.

आजवर एकाही वाचकाने कळवलेले नाही.